टवका उडालेला कप

आमच्या सासऱ्यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, हे सांगून कुणाला पटणार नाही. एका सकाळी त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलं, की कुठल्याशा पाहणीत 'बी' गटाच्या रक्तदात्यांमध्ये हेपटायटिस सी जास्त सापडला. घरात 'बी' गटाची मी एकटी. दुपारी माझ्यापुढे चहा आला तो टवका उडालेल्या कपात.

"बाबा, मी नेमानं रक्त देते. दरवेळी तपासतात ते. आणि हा आजार रक्तातून पसरतो, कपातून नाही."

"सूनबाई, मला विज्ञान शिकवू नकोस. माझं रक्त 'ओ', एकदम स्वच्छ!"

सासूबाईंचा गट 'ए'. त्या माझा कप वेगळा धुवायच्या, वेगळा पालथा घालायच्या, आणि मी कशाकशाला हात लावते यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायच्या. नवरा पेपरात तोंड खुपसून बसायचा.

मग बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. रक्त तपासलं, तर गट निघाला 'बी'. त्यांनी तणतणत दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घेतलं. तिथेही 'बी'च.

घरी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मोबाइल डोळ्यांशी धरून तो मजकूर पुन्हा वाचला.

"माझ्या वाचण्यात चूक झाली होती," घसा खाकरून ते म्हणाले. "हे 'ए' गटाबद्दल आहे."

 

हल्ली टवका उडालेल्या कपातून सासूबाई चहा पितात, आणि पिऊन झाला की स्वतःच तो वेगळा धुवून पालथा घालतात.