खिशातला हात

निवृत्ती देवरेंनी मीटिंग रूमचं दार आतून लावलं. समोर डेल मर्सर बसला होता. तीन वर्षांपूर्वी अमेरिकेत याच माणसाने त्यांच्या कैवल्यला गोळी घातली होती.

कैवल्य तिकडे शिकायला होता, मर्सर त्याचा शेजारी. जानेवारीतल्या एका सकाळी पोरगं त्याच्या दारात गेलं, हसलं आणि जाकिटाच्या खिशात हात घातला. मर्सरच्या शर्टाखाली पिस्तूल होतं. त्या राज्यात ते लपवून बाळगायला परवानाही लागत नाही. "मला वाटलं, हत्यार काढतोय. मी घाबरलो," एवढं तो कोर्टात म्हणाला आणि सुटला. वा रे कायदा! भीती याला वाटली आणि जीव गेला आमच्या पोराचा, असं निवृत्ती अजूनही भिंतीकडे बघून बोलत.

आता तोच मर्सर सल्लागार म्हणून कतारला, दोह्यात आला होता, तोही त्यांच्याच प्रोजेक्टवर. इथे कमरेला पिस्तूल लावून हिंडायची सोय नाही. यादीत त्याचं नाव दिसलं तेव्हाच निवृत्तींनी ठरवलं, खलास.

सकाळी बिन महमूद भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये त्यांनी भाजीची सुरी रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली. बायकोने, शैलजाने ते पाहिलं. इस्त्री करते म्हणून तिने कोट मागून घेतला आणि निघताना परत दिला.

"मला तुम्ही संध्याकाळी घरी हवे आहात," ती म्हणाली. "आणि अहो, हात खिशात घालाल तो सावकाश घाला."

"मी कैवल्यचा बाप," मीटिंग रूमच्या बंद दाराशी उभे निवृत्ती आता इंग्रजीत म्हणाले.

मर्सर पांढराफटक पडला. निवृत्तींनी सावकाश खिशात हात घातला. मर्सरचा हात सवयीने कमरेकडे गेला. तिथे नुसता पट्टा होता.

"नको! प्लीज, नको!" तो खुर्चीवरून घसरला, दोन्ही हातांनी डोकं झाकून जमिनीवर बसला. पँट ओली झाली होती.

निवृत्तींच्या बोटांना सुरी लागलीच नाही. रुमालात कागदाची पुडी होती, अजून कोमट. त्यांनी ती उघडली आणि त्यांचे डोळे भरून आले. तीन वर्षं त्यांच्या घरात तीळ आला नव्हता.

त्यांनी एक लाडू मर्सरच्या तळहातावर ठेवला.

"खा. माझ्या मुलाच्या खिशात हेच होतं."