दोन बोटं

शाल आणि श्रीफळ झालं, तसा सरपंच दिग्विजयनं माईक ओढून घेतला. "आपल्या निमगाव केतकीची लेक जॅझसारख्या परक्या संगीतात एवढी पुढं गेली. आता ताईंनी थोडं वाजवून दाखवावं, ही गावाची विनंती!"

हे ठरलं नव्हतं. वाद्य फक्त फोटोपुरतं व्यासपीठावर ठेवायचं होतं.

स्वरूपा उठली. माणसाहून उंच, जाड तारांचा, व्हायोलिनच्या घडणीचा तो डबल बास तिनं अंगाशी घेतला. वीस वर्षं ती तो वाजवत होती, त्याच्यासाठी रचना बांधत होती. सहा महिन्यांपूर्वी डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली. तेव्हापासून तिनं प्रत्येक कार्यक्रम काहीतरी कारण सांगून रद्द केला होता. खरं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिनं स्वतःचीच एक जुनी रचना सुरू केली. मोकळ्या तारा नीट घुमल्या. मग तार दाबायची वेळ आली आणि करंगळी घसरली. सूर फाटला. पुढचाही. तिनं कसंबसं संपवलं.

हॉल टाळ्यांनी दणाणला. एकालाही काही खटकलं नव्हतं.

ती खुर्चीत येऊन बसली. शेजारी तिचे वडील, हिंदुराव. डाळिंबाच्या छाटणीनं राठ झालेला हात त्यांनी तिच्या डाव्या हातावर ठेवला.

"कवापासनं हाय हे?"

"काय, आबा?"

"मला गाण्यातलं कळत न्हाय. पर हात कळतो. सकाळी बशीबी तुला धरता आली न्हाय."

तिनं मान खाली घातली. "सहा महिने झाले."

"डाक्टर काय म्हणतोय?"

"आहे ते असंच राहील म्हणाले."

मागच्या रांगेतून "वन्स मोअर" सुरू झालं. दिग्विजय पुन्हा तिच्याकडं बघून हसला. स्वरूपा उठली, बास उभा केला आणि माईकजवळ तोंड नेलं.

"मघाशी मी चुकीचं वाजवलं. सगळंच चुकलं. माझी दोन बोटं चालत नाहीत. मला आता वाजवता येत नाही."



"बघा मंडळी!" दिग्विजय गहिवरून म्हणाला. "एवढी मोठी कलाकार, पर गर्व कसला तो न्हाय!"

टाळ्या मघापेक्षा जोरात आल्या. माणसं उभी राहिली. स्वरूपा बासची मान धरून तशीच थांबली. तिला ना वाजवता येत होतं, ना खाली उतरता येत होतं.

हिंदुराव तिच्याजवळ आले. वाद्य त्यांच्या टोपीच्या वर वीतभर जात होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ते पकडलं.

"सोड, बाय," ते म्हणाले. "मी धरलंय."