कठड्यावरचा दुधी

"तिला म्हणावं, रविवारपर्यंत कुंड्या हलल्या नाहीत तर मी हलवीन," असं बजावून भालचंद्ररावांनी द्वारकाबाईंना पुन्हा वर धाडलं.

वर म्हणजे गच्चीलगतच्या फ्लॅटमध्ये, कुसुमावतीबाईंकडे. गेल्या गणपतीत आरतीच्या वेळेवरून त्यांचं आणि सोसायटीचे सेक्रेटरी भालचंद्रराव यांचं बोलणं तुटलं होतं. त्यातून भालचंद्ररावांच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी जिना बंद केलेला. त्यामुळे दिल्लीच्या मयूर विहारातल्या त्या मराठी सोसायटीत तळमजल्यावरचा कायदा वरच्या मजल्यावर पोचवायचं काम त्यांच्या पत्नीकडे आलं होतं.

भांडण दुधीचं होतं. एप्रिलच्या अखेरीस एका संध्याकाळी भालचंद्रराव लॉनवर खुर्ची टाकून बसले असताना गच्चीच्या कठड्यावरून एक वेल खाली डोकावला.

"ही कुसुमावतीच," ते म्हणाले. "दुसरं कोण असणार? लेक पुण्याला, हाताला काम नाही."

द्वारकाबाई गवार मोडत होत्या. "असेल," त्या म्हणाल्या.

भालचंद्ररावांनी रीतसर चौकशी केली, म्हणजे द्वारकाबाईंना विचारलं. वर भेंडी होती, दोडका होता, टोमॅटोवर जुन्या साडीची सावली होती. विकतचं खत नाही, औषध नाही. फुटक्या माठात भाजीची सालं कुजवायची, गाझीपूरच्या डेअरीतून शेणखत आणायचं आणि किडीवर कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी शिंपडायचं.

भालचंद्ररावांना ऐकूनच वास आला. देश कुठल्या कुठे चालला होता. पार्किंगमध्ये पहिली कोरियन गाडी उभी राहिली होती. शेजारच्या सोसायटीवर भलीमोठी डिश बसली होती आणि तिथल्या लोकांना जगातले सगळे चॅनल दिसत होते. आपल्या गच्चीवर मात्र शेण. डिश नेमकी कुंड्यांच्या जागी बसायची होती. केबलवाल्याला त्यांनी शब्द देऊन ठेवला होता, आणि शब्द गेला तर पुढच्या निवडणुकीत सेक्रेटरीपदही जाणार होतं.

पहिल्या निरोपाचं उत्तर घेऊन द्वारकाबाई बऱ्याच उशिरा उतरल्या.

"म्हणतात, गच्ची कुणाच्या तीर्थरूपांनी आंदण दिलेली नाही."

"असं म्हणाली?"

"अगदी असंच."

"आणि तू एवढा वेळ काय करत होतीस?"

"मन मोकळं होईपर्यंत थांबले."

भालचंद्ररावांनी गच्चीचा नळ बंद करवला. मे महिना, लू सुटलेली, कावळेसुद्धा पाण्याच्या टाकीखाली बसून होते. ते रोज संध्याकाळी मान वर करून वेल सुकण्याची वाट पाहत. वेल सुकला नाही. त्याला दुधी लागले.

त्याच सुमारास त्यांच्या घरात पाण्याची काटकसर सुरू झाली. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीही द्वारकाबाई बादलीत साठवू लागल्या. टँकरच्या दिवसांत बायको अशी असावी, असं ते चारचौघांत सांगू लागले.

नळाचंही उत्तर आलं. "म्हणतात, नळ तुमच्या हातात आहे, दुधी नाही."

हे त्यांनी खजिनदार उल्हासला ऐकवलं, तेव्हा उल्हासला खोकल्याची उबळ आली. पुढचं प्रत्येक उत्तर ऐकताना त्याला ती येऊ लागली. "लू बाधली यार तुला," भालचंद्रराव म्हणाले. "पन्हं पी."

कुसुमावतीबाईंचं दूधही बंद झाल्याचं दूधवाल्याकडून कळलं. "चहा सोडला वाटतं," ते म्हणाले. "आता कडुनिंबाचा काढा घेत असेल."

वरून भाजीही येऊ लागली. ती त्यांनी लाच म्हणून नाकारली आणि सोसायटीच्या वतीने जप्त केली. जप्त केलेल्या दुधीची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली.

"बाई करारी आहे, हे मानावं लागेल," ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले. "तू असतीस तर पहिल्याच निरोपाला कुंड्या उचलल्या असत्यास."

"हो ना."

"इतक्या वर्षांत मला कधी नाही म्हणालीस?"

"तोंडावर नाही," द्वारकाबाई म्हणाल्या आणि भात वाढला.

रविवारच्या निरोपाला आलेलं उत्तर सगळ्यांत लांब होतं. "म्हणतात, आजवर सगळ्यांचं ऐकलं. आता चार कुंड्यांपुरतं माझं ऐका. माणसं पाठवाल तर मी कुंड्यांसमोर बसेन. आधी मला उचला, मग दुधी."

भालचंद्रराव रात्रभर कूस बदलत राहिले. पण शब्द दिला होता.

रविवारी सकाळी दोन मजूर आले. केबलवाला टेम्पोत डिश घालून आला. उल्हासही आला, रुमाल तोंडाशी धरून.

"जा, शेवटचं विचारून ये," भालचंद्रराव म्हणाले.

द्वारकाबाईंनी पदर खोचला. "आज शेवटचंच," असं म्हणून त्या वर गेल्या आणि परत आल्याच नाहीत.

"साब, ऊपर चलें?" मजुराने विचारलं.

"रुको. मॅडम को नीचे आने दो." ते उल्हासकडे वळले. "बाईने हिलाही फितवलं की काय?"

उल्हासने रुमाल खाली घेतला. तो फाटकाकडे बघत होता.

फाटकाशी टॅक्सी थांबली होती. मागच्या दारातून एक सुटकेस, आंब्याची पेटी आणि पाठोपाठ कुसुमावतीबाई उतरल्या.

"भालचंद्रराव, नात झाली मला," त्या हसत म्हणाल्या. "आता राग सोडा. होळीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले ती आज उगवतेय. घराची किल्ली तेवढी द्वारकाबाईंकडून मागून द्या." मग त्यांनी उन्हाला हात आडवा धरून वर पाहिलं. "अगंबाई, गच्चीवर ही बाग कुणी केली हो?"