बियाण्याचा कोपरा

मडकं उपडं केलं, वाफ उठली, आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटताच मंडपातली विद्वान मंडळी खुर्च्या सोडून मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या पोपटीभोवती जमली. मागे फलक होता: ‘थोर लेखकाचे साहित्य आणि शाश्वत विकास’. थोर लेखक जन्मला याच गावात, पेणपासून आत. इथल्या कडव्या वालावर त्याने लिहिलेला धडा शाळेला लागला होता. तेव्हा पोपटीला तोच वाल हवा, हा प्राध्यापक आदर्श सरांचा हट्ट. सकाळी स्वतः पाट्या घेऊन शेतात उतरले होते.

महिपती रोह्याहून एसटीने आला तो थेट मंडपात. औषधाची पिशवी हातातच होती. वाटेत त्याने आपलं शेत पाहिलं होतं.

"नूतन, कोपऱ्यातला वाल कुठं गेला गो?"

सून हसतच पुढे आली. "सरांना दिला, बाबा. बाकीचं शेत तर कधीच तोडून झालं. म्हटलं, धड्यातला वाल हाय, पावण्यांच्या तोंडी लागू दे."

"सगळा?"

"व्हय, सगळा."

तो कोपरा बियाण्याला राखलेला होता. शेंगा झाडावरच वाळायच्या होत्या. गावातली निम्मी शेतं भरावाखाली गेली, उरलेल्यांत लोक दुकानातलं बी पेरतात. महिपतीच्या घरातलं जुनं बियाणं यंदा भुंग्याने फस्त केलं. जुन्या वालाचा एवढाच कोपरा राहिला होता, आणि तो बटाट्यांबरोबर शिजला.

"अगो, बियाणं होतं ते!" महिपती ओरडला. "आता पेरायचं काय? माझं डोचकं?"

नूतनचं हसू मावळलं. "दुकानात मिळंल की..." ती पुटपुटली.

आदर्श सर तोंडातला घास कसाबसा गिळत आले. "काय बोललात काका! ‘आता पेरायचं काय?’ अहो, लेखकाच्या सगळ्या साहित्याचा हाच तर प्रश्न आहे!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइल पुढे धरला. "काका, पुन्हा एकदा म्हणाल? नीट आलं नाही."

काय म्हणावं या लोकांना? बरं, वाईट म्हणावं तर एकही माणूस वाईट नव्हता.

महिपतीला रडू फुटलं. तो तसाच गोणपाटावर ओतलेल्या शेंगांच्या ढिगाशी बसला. एकेक शेंग सोलायची, एखादा तरी न शिजलेला राहिला असेल म्हणून दाणा बोटांत दाबून बघायचा. दाणा दबला की दुसरी शेंग. नूतनही खाली बसली आणि सोलू लागली. सगळे दाणे मऊ होते.

"बसा, बसा, पोटभर खा!" सर प्रेमाने म्हणाले. "आणि काका, पुढच्या वर्षीही वाल तुमचाच हं!"