वस्तऱ्याचा हात

बायकोला मारल्याचा पहिलाच गुन्हा, म्हणून कोर्टाने न्हाव्याला तुरुंगाऐवजी राग आवरण्याच्या या वर्गात धाडलं होतं. तो पहिल्याच बाकावर ऐटीत बसला.

"खरं सांगू का बाई? राग आला की माझा हात माझ्या ताब्यात राहतच नाही. आपोआप उठतो."

"दुकानात गिऱ्हाइकं तुमचं डोकं फिरवत नाहीत?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"रोज! परवा एकाने तर वस्तरा गळ्यावर असताना आईवरून शिवी हासडली."

"मग?"

"मग काय? गुळगुळीत दाढी करून दिली." त्याची छाती फुगली. "आजवर कुणाला साधा ओरखडा नाही. बघा, हात कसा स्थिर आहे!"

त्याने हात उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवला.

बाईंनी तो नीट निरखून पाहिला.

"हाच का तो? आपोआप उठणारा?"