गोळी घेतली

या, असं जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर राहू द्या. काल्याच्या कीर्तनात घडलेली एक गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण ऐकल्यापासून मला काला खाताना दर वेळी आठवते.

भोकरदनच्या अलीकडचं एक गाव. सप्त्याचा शेवटचा दिवस, सकाळचे अकरा. पुंजाराम महाराजांनी कथेत नुकत्याच कृष्णाच्या गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या होत्या. कुणाची भाकर, कुणाचं लोणचं, कुणाचा शिळा भात. एवढ्यात सरपंच भारतरावांनी माइक मागितला.

"महाराज, दोनच मिनिटं. आपल्या गावचा वाघ सुट्टीवर आलाय. तुळजाबाईचा आदिनाथ. सीमेवर छातीवर गोळी घेतली ह्या पोरानं!"

मंडप टाळ्यांनी भरला. मागं फ्लेक्स होता. त्यावर आदिनाथ, शेजारी रणगाडा, वर तिरंगा. गावच्या नव्या कमानीला त्याचंच नाव द्यायचं ठरलं होतं. बायकांत पुढं बसलेल्या तुळजाबाईनं पदर सावरला. साल झालं, भेटेल त्याला ती लेकाची गोळी सांगत होती.

आदिनाथ उठून महाराजांच्या शेजारी आला. भारतराव फेटा घेऊन पुढं झाले. आदिनाथनं मान वाकवली नाही.

"फेटा ठेवा काका. मला गोळी लागली न्हाई. काल सांगितलं ना तुम्हाला."

भारतरावांनी माइकवर हात ठेवला. "अन् मी काय म्हणलो? कमानीवर नाव कोरून झालंय. तू निस्ती मान वाकव. बोलायला कोण सांगून राह्यलं तुला?"

आदिनाथ महाराजांकडं वळला. "महाराज, ही नारदाची गादी हाय. हितून खोटं बोललेलं चालतं का?"

"बिलकुल न्हाई."

"मंग माइक द्या."

महाराजांनी सरपंचाच्या हातातला माइक काढून घेतला आणि त्याच्या हातात दिला.

"लडाखात माझ्या छातीत पाणी झाल्तं," आदिनाथ म्हणाला. "उंचावर होतं तसं. दवाखान्यातून मायला फोन लावला. लाइन तुटून राह्यल्ती. मी म्हणलो, छातीत पाणी झाल्तं, गोळी घेतली, आता बरा हाये. मायला छाती अन् गोळी एवढंच ऐकू गेलं. ती गोळी तापाची होती."

मग मागून कुणीतरी विचारलं, "तुळजाबाई, पाण्यासोबत घेतली का दुधासोबत?"

हसण्याची लाट उठली. तुळजाबाईची मान खाली गेली. आदिनाथचे कान लाल झाले.

"हसा. मायची काही चूक न्हाई. परवा फ्लेक्स पाह्यला तवा मला कळलं. तिला सांगायची हिंमत झाली न्हाई, ही चूक माझी. आता पुढचं ऐका, मंग हसा. हेलिकॉप्टर उतरत नव्हतं. माझा एक जोडीदार हाये, मुरुगन. तमिळनाडूचा. त्यानं मला पाठीवर बांधलं अन् सहा तास बर्फातून खाली आणलं. माझा एक हातमोजा दरीत गेल्ता. त्यानं सोताचा काढून माझ्या हातात घातला. त्याची तीन बोटं कापावी लागली."

त्यानं दोन्ही पंजे वर धरले. "माझी बघा. दहाच्या दहा."

मग हात खाली घेऊन तो पुढं बोलला.

"काल्यात समद्यांची शिदोरी एक होते, बराबर. पण दुसऱ्याची भाकर दाखवून ही माझ्या मायनं थापली, असं कुणी सांगतं का? पलटणीत असल्या माणसाच्या ताटाला ताट लावून कुणी बसत न्हाई. कमानीवर माझं नाव लागलं तर त्या कमानीखालून मी गावात येणार न्हाई. बांधावरून येईन."

भारतराव फणकारले. "मंग जयजयकार कुणाचा करायचा? त्या मद्राशाचा?"

"त्याचाच."

महाराजांनी चिपळ्या उचलल्या. "अहो, मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. देवाचंच नाव हाय. बोला, मुरुगन महाराज की..."

एकही तोंड उघडलं नाही. टाळकरी सरपंचाकडं पाहू लागले.

तेव्हा तुळजाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत सावकाश उठली. ज्या बाजूनं दुधाचा सवाल आला होता, तिकडं तोंड केलं आणि एकटीच ओरडली, "मुरगन म्हाराज की जय!" लगेच म्हणाली, "हसा की आता! का बसली दातखीळ?"

मृदंगावर थाप पडली. मग टाळ. मग सगळा मंडप.

हंडी फुटली. लाह्या-दह्याचा काला वाटायला आला, तेव्हा तुळजाबाईनं आपल्या वाटणीतला पहिला घास पळसाच्या पानावर वेगळा काढला. पान हातात धरून ती लेकाकडं सरकली. मग लेकाला हळूच विचारलं,

"कोणता हात रे त्याचा?"

"डावा, माय."

"मंग जेवता येत असंल." आणि तिनं त्या घासावर आणखी मूठभर काला ठेवला.

तर माउली, तुमच्या गावी काला होईल तेव्हा पहिला घास तोंडात घालण्याआधी हाताची बोटं एकदा मोजा, आणि मुरुगनचं नाव घ्या. उच्चार चुकला तरी चालेल. तुळजाबाईचाही चुकला होता.