हरकती व सूचना

पत्रा कापणाऱ्या यंत्रात कामगारांची बोटं जाऊ नयेत म्हणून जाळी सक्तीची करणारा नियम अधिकाऱ्याने लिहिला आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या. मुदत संपायच्या दिवशी कारखानदारांची माणसं सळई घेऊन त्याच्या घरातच शिरली. पहिल्या फटक्यात त्याचं डावं मनगट मोडलं. बायकोने हंबरडा फोडला.

"रडू नका वहिनी, सहीचा हात शाबूत ठेवलाय," म्होरक्या म्हणाला. "ही झाली हरकत. आता सूचना. साहेब, बाजार नुकताच खुला झालाय. जाळीने काम मंदावतं, मालकांना परवडत नाही. नियम मागे घ्या."

"घेतो," अधिकारी कण्हत म्हणाला.

म्होरक्याने खूश होऊन हस्तांदोलनासाठी उजवा हात पुढे केला.


त्या पंजाला अंगठा तेवढा उरला होता.